दंडाची पंगत

बास्सू राखणदार हद्दूच्या दारात आला तेव्हा त्याच्या एका हातात काठी होती आणि दुसऱ्या हातात खेचराचा दोर. खेचराच्या तोंडात अजून गवत होतं. पुरावा इतका हिरवागार असला की बोलायला फारसं उरत नाही. त्यानं खेचर अक्रोडाला बांधलं, चपला काढल्या, भिंतीला टेकून बसला आणि चहाची वाट पाहू लागला.

"कुठे सापडलं?" हद्दूच्या बायकोनं, फाद्मानं, किटली ठेवत विचारलं.

"आत."

"आत म्हणजे?"

"आत म्हणजे आत, वहिनी. झऱ्याच्या वरच्या अंगाला. पोटापर्यंत गवतात उभं होतं. मला बघून लाजलंसुद्धा नाही."

ऐत उफेल्ला गावात 'आत' या शब्दाला वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत एकच अर्थ असतो. आत म्हणजे अग्दालात. गावाच्या डोक्यावरचं ते कुरण बर्फ वितळलं की जमात, म्हणजे गावातल्या कर्त्या पुरुषांची सभा, बंद करते आणि गवताचं बी पिकून गळेपर्यंत उघडत नाही. त्याला कुंपण नाही, फाटक नाही, पाटी नाही. दोन मोठे दगड आहेत, त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेला दार म्हणतात. ज्याचं जनावर बंदीत आत सापडेल त्यानं सगळ्या जमातीला जेवू घालायचं, हा दंड. तुरुंग नाही, पोलीस नाही. पण गावातले झाडून सारे कर्ते पुरुष एका दुपारी आपल्या अंगणात येऊन बसणार, या कल्पनेनं भल्याभल्यांची मेंढरं शिस्तीत वाढली आहेत.

आणि दरवर्षी या बंदीवर एक म्होरक्या नेमला जातो. गवताचा म्होरक्या. दंड कुणाला लावायचा ते तो ठरवतो. यंदाचा म्होरक्या हद्दू होता.

फाद्मानं चहा उंचावरून ग्लासात सोडला. फेस नीट आला नाही. लग्नापासून असं दोनदाच झालं होतं, आणि दुसऱ्यांदाचं म्हणजे हेच.

"पण खेचर आमचं आहे असं कसं म्हणता येईल?" ती म्हणाली. "अर्धं त्यांचंही आहे."

हे मात्र खरं होतं. सासरा वारल्यावर दोन भावांनी सगळं वाटून घेतलं. वाटणीच्या त्या दिवशी काय काय झालं ते पुन्हा उगाळण्यात अर्थ नाही. शेताच्या मधोमध बांध पडला, अक्रोडाच्या फांद्यासुद्धा मोजल्या गेल्या, चांदीची किटली हद्दूकडे आली आणि तिचा ट्रे थोरल्या युब्बाकडे गेला, त्यामुळे तेव्हापासून दोन्ही घरांतला चहा थोडा अपुराच असतो. वाटता आल्या नाहीत अशा दोनच गोष्टी. एक म्हणजे यम्मा इत्तो, दोघांची आई. तिनं दोन्ही घरांच्या मधली खोली धरली, तिला दोन्हीकडे दारं ठेवली आणि कोणाचं कधी ऐकायचं ते स्वतः ठरवू लागली. दुसरं खेचर. ते दर बुधवारी सकाळी घर बदलायचं.

आज बुधवार होता. युब्बाच्या गड्यानं उजाडताच त्याला सोडलं आणि नेहमीच्या सवयीनं पाठीवर थाप मारली. रस्ता खेचराला पाठ होता. म्हणजे ते एका भावाच्या दारातून निघालं होतं आणि दुसऱ्याच्या दारात पोचलं नव्हतं. मधल्या वेळात ते कोणाचं, हा प्रश्न मोठमोठ्या काझींनाही जड गेला असता.

युब्बाला तो मुळीच जड गेला नाही.

"ऐकलं ते खरं का रे?" पिकअपमधून उतरता उतरताच त्यानं विचारलं. युब्बा दोन घरं ओलांडायलाही पिकअप काढायचा.

"आपलं खेचर आत गेलं, दादा," हद्दू म्हणाला.

"आपलं नव्हे. बुधवारचं ऊन पडलं की तुझं."

"ऊन पडायच्या आधी सुटलं ते."

"मग खेचराला विचार. मी तर अंथरुणात होतो." युब्बा बास्सूच्या शेजारी टेकला आणि आवाज मऊ केला. हा आवाज हद्दूला लहानपणापासून माहीत होता. गोट्या संपल्या की युब्बा असाच बोलायचा. "हे बघ, मोठा भाऊ म्हणून सांगतो. बास्सूला एक कोंबडी दे. खेचर बांध. विषय संपला. म्होरक्या तूच, तूच स्वतःला माफ करून टाक. तुला कोण विचारणार?"

"सगळे विचारतील."

"कुणी विचारणार नाही. सगळे तेच करतील." युब्बा हसला, आणि मग आपण जरा जास्तच बोललो असं वाटून त्यानं चहा घेतला.

हद्दू जे समजायचं ते समजला. शुक्रवारच्या नमाजानंतर जमात बसणार होती आणि विषय युब्बाचाच होता: अग्दाल यंदा लवकर उघडायचं. खालची कुरणं वाळली होती, ईद तोंडावर होती आणि युब्बाकडे मेंढ्यांचा मोठा कळप शहराच्या व्यापाऱ्याला द्यायचा होता. गेला महिनाभर तो गावभर एकच प्रश्न विचारत फिरत होता. "दार? कुठलं दार? मला दाखवा तरी. दोन धोंडे आणि मध्ये हवा." निम्मं गाव माना डोलवू लागलं होतं, कारण युब्बाच्या पिकअपमधून सगळ्यांनाच बाजाराला जायचं असतं.

आता हद्दूनं स्वतःला माफ केलं, तर दाराचे दगड तेवढे उरणार. दंड घेतला, तर शुक्रवारी युब्बा उभा राहून म्हणणार, म्होरक्याचं खेचरही ज्या दाराला जुमानत नाही त्याला आम्ही काय म्हणून जुमानायचं. दोन्हीकडून जीत भावाचीच. गोट्यांच्या वेळीही असंच व्हायचं.

"संध्याकाळपर्यंत सांगतो," तो म्हणाला.

"सांग की. कोंबडी मी देतो हवी तर," युब्बा म्हणाला, आणि दोन घरं ओलांडायला पिकअपमध्ये बसला.

बास्सूनं रिकामा ग्लास पुढे केला. "कोंबडी कुठली, तांबडी का?" त्यानं विचारलं.

हद्दूची मुलगी तित्रित गच्चीवर होती. ती बेनी मेलालला नर्सिंग शिकायची आणि सुट्टीत घरी आली की दुर्बिणीतून अग्दाल बघत बसायची. शेजारच्या बायकांच्या मते शहरात राहून पोरी अशाच बिघडतात.

"बाबा, आजही आल्या होत्या," हद्दू वर आल्यावर ती म्हणाली. "दोन माद्या. पिल्लंही दोन. झऱ्यावर."

औदाद. कड्यावरच्या रानमेंढ्या. हद्दूचा बाप सांगायचा की पूर्वी त्या दर उन्हाळ्यात खाली यायच्या. मग बंदुका आल्या, शेळ्या वाढल्या, बंदीच्या तारखा ढिल्या झाल्या आणि त्या येईनाशा झाल्या. हद्दूनं त्यांचं एकच काय ते पाहिलं होतं, बापानं भिंतीवर ठोकलेली शिंगं. तीही वाटणीत युब्बाकडे गेली आणि आता त्याच्या दारावर होती. यंदा बर्फ वितळल्यावर बास्सूनं झऱ्याकाठच्या चिखलात खुरांचे ठसे पाहिले आणि कोणाला न सांगता हद्दूला नेऊन दाखवले. त्या दिवसापासून हद्दू नमाजात जरा जास्त वेळ घेऊ लागला होता. गावातले लोक समजले, म्होरकेपण डोक्यात गेलं.

"खेचराला बुजल्या का?"

"छे. एकदा बघितलं आणि पाणी प्यायल्या. त्या बुजतात माणसांना. आणि कुत्र्यांना." तित्रितनं दुर्बीण खाली घेतली. "शुक्रवारी कळप आत गेले, तर बरोबर कुत्री जाणार. वर कड्यावरचं पाणी आटलंय, बाबा. झऱ्यावर येता आलं नाही तर त्यांचं दूध आटेल. पिल्लं अजून अंगावर पितात."

हद्दू कड्याकडे बघत राहिला. खाली त्याच्या आईचं एक दार करकरलं. यम्मा इत्तोला गच्चीवर चढता यायचं नाही, पण तिचे कान चढायचे.

"हद्दू," ती जिन्याच्या तळातून म्हणाली, "दंड भर. आणि भरायचाच तर पातळ रस्सा वाढून भरू नकोस. तुझ्या बापाच्या नावानं लोक जेवणार आहेत."

हे ऐकलं फाद्मानं. तिथून पुढे गोष्ट हद्दूच्या हातात राहिली नाही.

फाद्माचा विचार साधा होता. चोर म्हणून नाव निघणारच आहे. मग चोराची बायको स्वयंपाकात कच्ची आहे, हे वर कशाला? गुरुवारी उजाडताच तिनं दोन मेंढे सोलवले, सगळ्या शेगड्या अंगणात मांडल्या आणि घराच्या मागच्या कोपऱ्यात जमिनीत पुरलेलं लोण्याचं मडकं उकरायला घेतलं.

नेमकी तेव्हाच तिची जाऊ तूदा मदतीला आली. तूदा कोणाच्याही घरी मदतीला आली की दारातून आत येईपर्यंत तिनं भांडी मोजलेली असत.

"हे मडकं?" तूदा म्हणाली. "हे तित्रितच्या लग्नाचं ना गं?"

"तित्रित म्हणते तिला आधी रानमेंढ्या बघायच्यात."

"पण एवढं जुनं लोणी, फाद्मा. दंडाला?"

"दंड आम्हाला झालाय. पाहुण्यांनी का शिक्षा भोगायची?"

तूदानं कांदे सोलायला घेतले. कुसकूसच्या रव्यावर वाफ धरली, रस्श्यात केशर पडलं, आणि मग मडक्याचं तोंड उघडलं तसा वास अंगण ओलांडून गल्लीत गेला, गल्लीतून मशिदीच्या पायरीवर, आणि तिथे बसलेले म्हातारे बोलायचे थांबले. तूदाच्या डोळ्यांना पाणी आलं. ते कांद्याचं होतं असं तिचं आजही म्हणणं आहे.

जमात दुपारी आली. अंगणात चटया कमी पडल्या. बायका शेजारच्या गच्चीवरून बघत होत्या आणि यम्मा इत्तोसाठी खालीच जिन्यापाशी उशी टाकली होती.

हद्दू मधोमध उभा राहिला. दंड देणाऱ्यानं तीन वाक्यं म्हणायची असतात आणि ती बदलता येत नाहीत.

"दार बंद होतं," हद्दू म्हणाला. "माझं जनावर आत गेलं. माझी चूल तुमची."

म्होरक्यानं स्वतःलाच दंड लावल्याचं कोणाला आठवत नव्हतं. जमातीतला सगळ्यात वयस्कर, हम्मू म्हातारा, घसा खाकरून काहीतरी गंभीर बोलणार होता, इतक्यात ताटं आली.

युब्बा शेवटच्या चटईवर बसला होता. त्यानं एक वाक्य घरून तयार करून आणलं होतं. म्होरक्याचंच खेचर ज्या दाराला, वगैरे. ते वाक्य त्यानं पहिल्या घासानंतर म्हणायचं ठरवलं. पहिल्या घासानंतर दुसऱ्यानंतर म्हणायचं ठरवलं. मांस हाडावरून सुटून नुसतं बोटावर येत होतं आणि त्या जुन्या लोण्यानं कुसकूसचा एकेक दाणा वेगळा झाला होता. त्यानं आजूबाजूला पाहिलं. जे लोक महिनाभर त्याच्यापुढे माना डोलवत होते ते आता ताटापुढे डोलवत होते.

"हद्दू बापावर गेलाय," कोणीतरी म्हणालं.

युब्बाचा घास तोंडातच राहिला.

"तेच म्हणतोय मी," दुसरा म्हणाला. "म्हाताऱ्याचा हात असाच सैल होता. युब्बा, अरे घे ना. आज तू पाहुणा, लाजू नकोस."

पाहुणा. स्वतःच्या खेचराच्या जेवणात. युब्बानं पाव मोडला आणि तसाच हातात धरून बसला.

जेवणं झाली. हात धुऊन झाले. हम्मू म्हाताऱ्यानं तळवे वर केले तसे सगळ्यांनी केले. "या चुलीत बरकत राहो," तो म्हणाला. "आमीन," अंगण म्हणालं. "हद्दूच्या शेतावर पाऊस पडो." "आमीन." युब्बाचं शेत बांधाच्या पलीकडेच होतं. पाऊस बांधापाशी येऊन थांबेल की काय, असं त्याच्या मनात आलं. एरवी तो अशा गोष्टी मानायचा नाही. "हद्दूच्या लेकरांना सुख लाभो. आणि या खेचराला आयुष्य लाभो, निदान हद्दूच्या वाटणीच्या अर्ध्याला."

"आमीन," अंगण म्हणालं, आणि काहीजण हसले.

युब्बा उभा राहिला. आपण का उभे राहिलो हे त्यालाही नीट कळलं नव्हतं.

"उरलेलं अर्धं माझं आहे," तो म्हणाला.

हम्मूनं तळवे खाली घेतले. "काल तर नव्हतं म्हणे."

"काल बुधवार होता." एवढं बोलल्यावर युब्बाला जोर आला. "अर्धं खेचर माझं, तर अर्धा दंड माझा. उद्या नमाजानंतर सगळ्यांनी माझ्या गच्चीवर यायचं. आणि पोट रिकामं ठेवून यायचं, हे सांगून ठेवतो."

शेजारच्या गच्चीवर तूदानं डोक्याला हात लावला. मग तिला बदामाची पोती आठवली आणि हात खाली आला.

"दंड असा मागून घेता येत नाही रे," हम्मू म्हणाला. "तीन वाक्यं म्हणावी लागतात."

युब्बानं भावाकडे पाहिलं. हद्दू हातातल्या भाकरीच्या तुकड्याकडे पाहत होता. त्या तुकड्यात एवढं बघण्यासारखं काही नव्हतं. पहिलं वाक्य कोणतं ते दोघांनाही माहीत होतं.

"पहिलं सोडून बाकीची दोन म्हटली तर?" युब्बानं विचारलं.

"मग तो दंड नाही, नुसती मेजवानी झाली. मेजवानीला आम्ही येऊ की. जेवूही. दुआ तेवढी करणार नाही."

युब्बानं एकदा वर पाहिलं, कुरणाच्या दिशेनं. महिनाभर त्यानं गावाला जे नाही म्हणून सांगितलं होतं ते दोन धोंडे इथून चांगले स्पष्ट दिसत होते.

"दार बंद होतं," तो पुटपुटला.

"ऐकू नाही आलं," बास्सू म्हणाला. राखणदाराला प्रथेप्रमाणे खांद्याचं मांस मिळतं. ते चावता चावता त्याला खरोखरच ऐकू आलं नसावं.

"दार बंद होतं," युब्बा म्हणाला, आता गल्लीतही ऐकू जाईल असं. "माझं जनावर आत गेलं. माझी चूल तुमची. झालं समाधान?"

"आमीन," जिन्यापाशी यम्मा इत्तो म्हणाली. "आता कांदे कोणाकडचे आणायचे ते ठरवा. फाद्माकडचे संपलेत."

शुक्रवारी जमात बसलीच नाही. बसायला वेळही नव्हता आणि विषयही उरला नव्हता, कारण जे दार बंद होतं असं स्वतः युब्बा म्हणाला होता ते आता नेहमीच्या तिथीलाच उघडणार होतं. सकाळी व्यापाऱ्याचा फोन आला तेव्हा युब्बा मेंढ्यांच्या बरगड्यांना लोणी चोळत होता. त्यानं फोन खांद्यात धरला.

"नाही, अजून बंद आहे. बंद म्हणजे बंद. तुमच्याकडे शहरात बंद म्हणजे काय असतं मला माहीत नाही." त्यानं जरा ऐकून घेतलं. "थोड्या वाळक्या मिळतील. आणि त्यातल्या तीन कमी."

फाद्मा मदतीला आली होती. "वहिनी, एवढे बदाम?" ती म्हणाली. "दंडाला?"

"बस आणि सोल," तूदा म्हणाली. दोघी एकमेकींकडे न बघता हसल्या. वाटणीनंतरचं हे पहिलं हसू, पण बदाम पुष्कळ असल्यामुळे त्याची नोंद घ्यायला कोणाला सवड झाली नाही.

जेवण खाली घराच्या दाराशी झालं असतं तर बरं झालं असतं, तिथे सावली होती. पण युब्बाला गच्चीच हवी होती, गावाला दिसावं म्हणून. जर्दाळू घातलेलं मांस, बदाम, मध, आणि मधोमध अख्खे भाजलेले मेंढे. चांदीच्या ट्रेवर हद्दूकडची किटली आली होती. चहाला असा फेस आला की हम्मूनं दुआ जेवणाआधीच उरकून घेतली. त्याचं म्हणणं, नंतर बोलता येईल याची खात्री नाही. पाऊस युब्बाच्या शेतावरही मागितला गेला. दोघा-तिघांना आपापली शेळीही गेल्या आठवड्यात दाराजवळ दिसल्याचं आठवू लागलं होतं आणि त्यांच्या बायका खालून डोळे वटारत होत्या.

बास्सू तंगडी घेऊन कठड्यापाशी उभा होता. "खेचर," तो म्हणाला.

सगळ्यांनी मान वळवली. खेचर आत होतं. सकाळपासून त्यानं दोन्ही घरांचं पाणी वाहिलं होतं, आणि दोन्ही घरांना वाटलं होतं की ते दुसऱ्यानं बांधलं असेल.

हद्दूनं काठी उचलली. आणि त्याच क्षणी झऱ्यावरच्या दगडामागून एक मातकट मादी पुढे आली, तिच्यामागून दुसरी, आणि मग दोन पिल्लं. पुढचं पिल्लू खेचराच्या पायांमधून गेलं. खेचरानं शेपटी हलवली आणि चरत राहिलं.

गच्चीवर कोणाचा हात हलला नाही. बरेचजण पन्नाशीचे होते आणि त्यांच्यातल्या एकानंही हे आधी पाहिलेलं नव्हतं. युब्बा कठड्याला धरून उभा होता. बरोबर त्याच्या पायांखाली, दारावर, बापाची ती शिंगं होती; आल्यागेल्याला तो ती दाखवायचा. जिवंतपणी हे डोकं असं पाण्याकडे वाकत असेल हे त्याला कधी सुचलं नव्हतं.

हद्दू जिन्याकडे निघाला.

"बस खाली," युब्बा म्हणाला.

"दादा, खेचर आत आहे."

"दिसतंय मला. आंधळा नाही मी."

"जेवढं खाईल तेवढा दंड चढेल."

"खाऊ दे. तू वर गेलास की त्या पळतील." युब्बानं काठी त्याच्या हातातून काढून कठड्याला उभी केली. मग जिन्यात वाकून म्हणाला, "तूदा, आणखी एक मेंढा बाजूला बांध."

"आता कशाला?"

"उद्याला."

"पण आज खेचर कोणाचं?" हम्मू म्हाताऱ्यानं विचारलं. दुआ कोणाच्या नावानं करायची ते त्याला आधीच कळलेलं बरं असतं.

"माझं," युब्बा म्हणाला.

"बुधवारपासून माझं," हद्दू म्हणाला.

"पाणी माझ्या घरचं वाहत होतं."

"आठवडा माझा आहे, दादा."

"हळू," शेजारच्या गच्चीवरून तित्रित म्हणाली. दुर्बीण तिनं डोळ्यांवरून काढली नव्हती. "पिल्लू दूध पितंय."

तेव्हा मग दोघे भाऊ कठड्याआड खाली बसले आणि जन्मात पहिल्यांदाच कुजबुजत भांडू लागले.